खानदेशांतील भिल्लांची पोटगी, तगाई व चाकरी

जुन्या कागदांचा संग्रह करणारांची दृष्टि बहुधा सनदा, करीने, महजर व राजकारणी पत्रें यांवर खिळलेली असते, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु त्याच रुमालांत, सनदेच्या शेजारीं, बैल व बीं घेण्याकरितां दिलेल्या रकमांचे कतबे, पडीत जमिनीचे कौल आणि किरकोळ नेमणुकांच्या याद्या पडलेल्या असतात. त्यांकडे संग्राहक क्वचितच वळून पाहतो. कुळाचें नांव कोणास ठाऊक नसतें, रक्कम लहान असते, नामांकित मोहोर नसते. तेव्हां असा कागद निरुपयोगी ठरतो आणि पुढें पुड्या बांधण्याच्या कामीं येतो. प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच कीं, या क्षुल्लक दिसणाऱ्या कागदांत एका मोठ्या प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे, हें खानदेशच्या इतिहासावरून दाखवावें.

तो प्रश्न असा: जो मनुष्य सरकारच्या पोटगीवर जगत आहे, त्यानें स्वतःच्या श्रमावर जगूं लागावें यासाठीं सरकारनें आपलें द्रव्य कोणत्या प्रकारें खर्च करावें? नुसती पोटगी द्यावी, तर तो कायमचा आश्रित होतो असें म्हणतात. पोटगी एकदम तोडावी, तर काम हातीं लागण्यापूर्वींच तो उपाशी मरतो किंवा पुन्हां जुन्या मार्गास लागतो. हा वाद आजही सर्व देशांत चालू आहे. आपल्या प्रांतांत त्याचा एक मोठा प्रयोग सन १८१८ नंतरच्या पंचवीस वर्षांत, हल्लीं धुळें, जळगांव व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत विभागलेल्या खानदेशांत, भिल्लांच्या बाबतींत झाला.

(१) शब्दविचार

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करूं. पोटगी म्हणजे काम न करितां केवळ निर्वाहापुरतें मिळणारें द्रव्य. चाकरी म्हणजे कामाबद्दल मिळणारा मोबदला. या दोहोंमधील अंतर एका पावलांत ओलांडतां येत नाहीं. रिकाम्या हातांचा मनुष्य मृगाच्या पावसावर शेतांत उतरला, तरी पीक कित्येक महिन्यांनीं घरीं येतें. तोंवर त्याच्या पोटाचें काय? बैल कोठून आणावे, बीं कोठून घ्यावें? आणि पीक उभें राहिल्याबरोबर पुरा सारा मागण्यास कमाविसदार दारीं आला, तर त्यानें केलेल्या श्रमाचें त्यास काय उरलें? हें मधलें अंतर भरून काढण्याकरितां आपल्या जुन्या राज्यव्यवहारांत तीन साधनें रूढ होतीं.

पहिलें साधन तगाई. हा शब्द अरबी 'तकावी' यावरून आलेला असून त्याचा मूळ अर्थ 'बळ देणें' असा आहे. बैल, बीं, विहीर इत्यादिकांसाठीं सरकारांतून रयतेस मिळणारी आगाऊ रक्कम ती तगाई. ती परत करावयाची असल्यामुळें दान नव्हे. आणि ती पिकाच्या आशेवर दिलेली असल्यामुळें केवळ सावकारी कर्जही नव्हे.

दुसरें साधन कौल व त्यांतील इस्तावा. कौल म्हणजे वचन. पडीत जमीन लागवडीस आणणारास पहिल्या वर्षीं सारा माफ किंवा नाममात्र ठेवून पुढें दरसाल पायरीपायरीनें चढवीत ठराविक मुदतीनें पुऱ्या दरास न्यावयाचा, यास इस्तावा म्हणत. उदाहरणार्थ, पुरा सारा दहा रुपये असेल, तर तो पहिल्या सालीं एक, दुसऱ्या सालीं तीन, तिसऱ्या सालीं पांच असा चढवावयाचा. यांतील मर्म पाहण्यासारखें आहे. पहिल्याच पिकावर दहा रुपये घेतले, तर कुळास जमीन पडीत ठेवणेंच फायद्याचें वाटेल. इस्ताव्यानें उत्पन्न जसें वाढतें तसा सरकारचा वांटा वाढतो, परंतु वाढीचा कांहीं भाग दरसाल कुळाच्या घरींही राहतो. म्हणून त्यास अधिक श्रम करण्याची इच्छा होते.

तिसरें साधन नेमणूक, म्हणजे ठराविक मुदतीनें मिळणारी ठराविक रक्कम. ती चाकरीबद्दलही असे आणि केवळ निर्वाहाकरितांही असे. कोणत्या अटीवर ती दिली आहे, हें पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाहीं.

हा विचार मराठी अमदानींतच प्रथम उत्पन्न झाला असें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभीं जनपद वसविण्याचें प्रकरण आहे. त्यांत धान्य, पशु व द्रव्य देऊन शेतकऱ्यांस उभें करावें आणि त्यांनीं तें आपल्या सोईनें परत करावें, असा विधि सांगितला आहे. अशा साहाय्यास तेथें 'अनुग्रह' व करमाफीस 'परिहार' म्हटलें आहे, आणि कोश रिता करणारे अनुग्रह-परिहार टाळावे असा इशाराही दिला आहे. परंतु त्याच प्रकरणांतील सर्वांत सूक्ष्म गोष्ट अशी कीं, ज्यांच्या परिहाराची मुदत संपली आहे त्यांच्याविषयीं राजाचें वर्तन पित्यासारखें असावें, असें आचार्य सांगतो. माफी संपते तो दिवसच कुळाच्या कसोटीचा असतो, हें त्यानें नेमकें ओळखलें होतें. हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं सन १९०९ मध्यें प्रसिद्ध केला. अर्थात् ज्या इंग्रज अंमलदारांचा वृत्तांत पुढें येणार आहे त्यांनीं तो पाहिलेला नव्हता. त्यांनीं उचललीं तीं साधनें या देशाच्या चालू वहिवाटींतलींच होतीं.

(२) पोटगीचा काळ: १८१८ ते १८२५

खानदेशांतील भिल्ल हे मुळापासून लुटारू होते, ही समजूत इतिहासास धरून नाहीं. सपाटीवरील पुष्कळ गांवीं भिल्ल हा जागल्या होता; गांवची राखण करणें, चोराचा माग काढणें हें त्याचें काम, आणि त्याबद्दल गांवाकडून त्याचे हक्क चालत. सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या घाटांत भिल्ल नाईक वाटेचा बंदोबस्त राखीत. म्हणजे त्यांस चाकरी होती. ती पुढें गेली. सन १८०२ पासून होळकरांच्या फौजांनीं व पेंढाऱ्यांनीं या प्रांताची केलेली नासाडी आणि पाठोपाठ आलेला १८०३ चा घोर दुष्काळ यांत गांवेंच उजाड झालीं. गांव नाहीं तेथें जागल्यास हक्क कोण देणार? भिल्ल डोंगरांत गेले व लुटीवर जगूं लागले. त्यांवर पेशवाईच्या अंमलदारांनीं जे उपाय केले, त्यांत कोपरगांव येथें भिल्लांस विश्वासानें बोलावून केलेली कत्तल ही कायमची कलंकरूप होऊन राहिली. 'सरकार बोलावतें तें मारण्यासाठीं' ही समजूत डोंगरांत किती खोल रुजली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

सन १८१८ त पेशवाई बुडाली व खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांची तेथें नेमणूक झाली व त्यांनीं धुळें हें मुख्य ठाणें केलें. त्या वेळीं प्रांतांत सुमारें पन्नास नामांकित नाईक व त्यांचे पांच हजारांवर अनुयायी उठलेले होते, असें पुढें भिल्लांचा वृत्तांत लिहिणाऱ्या कॅप्टन ग्रॅहॅमच्या लेखांत आहे. एल्फिन्स्टन यांच्या सल्ल्यानें ठरलेलें धोरण दुहेरी होतें: डोंगराच्या तोंडाशीं ठाणीं बसवून रसद बंद करावयाची, आणि जे नाईक शरण येतील त्यांस नेमणुका बांधून द्यावयाच्या, शिवाय गांवोगांव जागल्यांचे जुने हक्क पुन्हां चालू करावयाचे.

यांतील शेवटची गोष्ट शहाणपणाची होती. परंतु नाईकांच्या नेमणुकांनीं शांतता आली नाहीं. एक नाईक शरण आला, कीं दुसरा उठे. सात वर्षें फौजांच्या मोहिमा होत राहिल्या. याचीं कारणें त्या नेमणुकांच्या स्वरूपांतच होतीं. एक तर, नेमणूक नाईकास मिळे, त्याच्या मागें हिंडणाऱ्या शेंकडों उपाशी माणसांस नव्हे. नाईक स्वस्थ बसला तरी त्यांचें पोट स्वस्थ बसत नसे. दुसरें, ती कोणत्याही कामाबद्दल नसून केवळ उपद्रव न करण्याबद्दल होती. ज्याची भीति अधिक, त्यास नेमणूक आधीं. यावरून जो निमूटपणें बसला होता त्यानें काय धडा घ्यावा? तिसरें, अशा नेमणुकेंतून पुढें कोठें जाण्याची वाटच नव्हती. ती मिळत असतां भिल्ल जेथें होता तेथेंच राही, आणि ती तुटली कीं तो पूर्वींच्याच ठिकाणीं जाई.

(३) तीन एजन्सी

सन १८२५ त मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं धोरण बदललें. प्रांताचे तीन भाग करून प्रत्येकावर एक भिल्ल एजंट नेमला. वायव्येकडील एजन्सीचें ठाणें तापीकांठीं कुकरमुंडें येथें होतें. तें गांव हल्लीं गुजराथेंत गेलें आहे. दक्षिणेकडील एजन्सी सातमाळ्याच्या घाटांसाठीं असून तिचें ठाणें कन्नड येथें होतें व तेथें ओव्हन्स हा एजंट होता. ईशान्येकडील एजन्सी धरणगांव येथें, हल्लींच्या जळगांव जिल्ह्यांत, जेम्स आउटराम याजकडे आली. त्याचें वय त्या वेळीं अवघें बावीस वर्षांचें होतें. भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचें कामही त्याजवरच सोंपविलें होतें.

एजंटांचीं कर्तव्यें पाहिलीं असतां वर सांगितलेलीं तिन्ही साधनें येथें प्रथमच एकत्र आलेलीं दिसतात. जो भिल्ल नांगर धरण्यास तयार होईल त्यास मागील अपराधांची माफी. पडीत जमीन, व ती कित्येक वर्षें साऱ्यावांचून. बैल व बीं यांसाठीं तगाई. जो जागल्याचें काम करील त्याचे हक्क गांवाकडून सुरळीत मिळतात कीं नाहीं, याची चौकशी. त्याची कोणी नाडणूक केली तर फिर्याद ऐकण्यास स्वतः एजंट. आणि ज्या तरुणास शेती नको, हत्यार हवें, त्यास पलटणींत चाकरी व दरमहा पगार.

यांत विशेष लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, नवीं साधनें आलीं म्हणून नाईकांच्या जुन्या नेमणुका एकदम तोडल्या गेल्या नाहींत. वृद्ध नाईकाची नेमणूक चालूच राहिली, त्याचा मुलगा पलटणींत गेला, पुतण्यानें कौलानें जमीन घेतली. एकाच कुटुंबांत पोटगी, तगाई व चाकरी हीं तिन्ही एकाच वेळीं असूं शकत होतीं. काम पत्करल्याचा दंड म्हणून कोणाच्या तोंडचा घांस काढून घेतला गेला नाहीं. आमच्या मतें या प्रयोगास जें यश आलें त्याचें मुख्य कारण हेंच होय.

पलटणीचा आरंभ फार लहान होता. पहिल्यानें भरती झालेले इसम मोजके होते, आणि त्यांतही पूर्वीं कैद केलेले भिल्ल होते. आउटराम त्यांजबरोबर शिकारीस जाई, त्यांच्या पाड्यांत पहाऱ्यावांचून वावरे. पुढें दोन-तीन वर्षांत संख्या कांहीं शेंवर गेली. एक प्रसंग मुद्दाम नमूद करण्याजोगा आहे. भिल्ल शिपाई मालेगांवच्या छावणींत गेले असतां आउटरामच्या मूळच्या २३ व्या पलटणींतील शिपायांनीं, ज्यांत उच्चवर्णीय पुष्कळ होते, त्यांस आपल्याजवळ बसवून पानसुपारी दिली. पगारानें पोट भरतें; परंतु कालच्या 'चोरा'स आज बरोबरीचा चाकर म्हणून बसावयास मिळालेली जागा ही तगाईच्या कोणत्याही रकमेनें विकत घेतां आली नसती.

येथें साधनांविषयीं एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. हा सर्व वृत्तांत आपणांस सरकारी अंमलदारांच्या लेखणींतून मिळतो: ग्रॅहॅमचा सन १८४३ चा लेख आणि सन १८८० चें खानदेश गॅझेटियर. त्यांस महसूल व निर्धास्त रस्ते हवे होते, आणि आपल्या हातून झालेलें काम यशस्वी दाखविण्याची त्यांस स्वाभाविक ओढ होती. भिल्लाचा स्वतःचा शब्द त्यांत नाहीं. तो कोठें सांपडण्याचा संभव असेल तर कौल, कतबे व अर्ज यांतच.

(४) प्रयोगाच्या मर्यादा

यश सर्वत्र सारखें नव्हतें, हें दोन उदाहरणांवरून दिसतें. पहिलें डांगचें. हा जंगली मुलूख खानदेशच्याच भिल्ल एजन्सीच्या देखरेखीखालीं होता. सन १८४२ त सरकारनें तेथील भिल्ल राजांपासून जंगलें पट्ट्यानें घेतलीं, कारण सागाचें लांकूड हवें होतें; मोबदला म्हणून त्यांस दरसाल रकमा ठरवून दिल्या. तेथें तगाई, कौल व नांगर यांची मालिका उभी राहिली नाहीं. मोबदल्याचें रूपांतर कालांतरानें केवळ नेमणुकेंत झालें. गुजराथेंत समाविष्ट झालेल्या डांग जिल्ह्यांत, आहवा येथें, होळीच्या सुमारास भरणाऱ्या दरबारांत तेथील पांच राजांच्या वंशजांस ती नेमणूक देण्याची चाल आजतागायत चालत आली आहे. चाल पाहण्यासारखी आहे खरी, परंतु जंगल गेलें आणि नेमणूक राहिली, हाही इतिहासच आहे.

दुसरें उदाहरण खाज्या नाईकाचें. सेंधव्याच्या घाटाच्या बंदोबस्ताच्या चाकरींत राहिलेला हा नाईक सन १८५७ त सरकारविरुद्ध उठला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणी येथें भिल्लांची व इंग्रजी फौजेची मोठी लढाई झाली. त्याच्या उठावाचीं कारणें केवळ पोटाचीं नव्हतीं. स्वातंत्र्याच्या इतिहासांत त्यास मान आहे व तो योग्यच आहे. तथापि प्रस्तुत विषयापुरता बोध इतका कीं, चाकरी दिली म्हणजे मनुष्य कायमचा बांधला गेला, ही अंमलदारांची समजूत खोटी होती.

तिसरी मर्यादा याहून व्यापक आहे. तगाईनें नांगर दिला, कौलानें जमीन दिली. परंतु ती जमीन भिल्लाच्या हातीं टिकविण्याची तजवीज या योजनेंत नव्हती. सन १९७२ च्या सुमारास शहादें-तळोदें भागांत भूमिहीन भिल्लांची जी मोठी चळवळ झाली, आणि आदिवासींच्या जमिनी परत देण्याविषयीं महाराष्ट्र सरकारनें सन १९७४ चा कायदा केला, त्यावरून ही उणीव पुढील दीडशें वर्षांत किती वाढली हें दिसून येतें.

(५) पुढील परंपरा

साधनें मात्र मेलीं नाहींत. सन १८८३ व १८८४ च्या दोन कायद्यांनीं जमीनसुधारणेच्या व शेतकऱ्यांच्या कर्जांस नियमबद्ध रूप आलें, आणि 'तगाई' हा शब्द खेडोपाडीं रूढ राहिला. पुढें १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत रोजगार हमीचें काम मोठ्या प्रमाणावर निघालें. वि. स. पागे यांनीं ही कल्पना मांडली होती. तिचा कायदा सन १९७७ त झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता, हें त्याचें तत्त्व. पैशासाठीं शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांवर सन १९७५ पासून व्यवसाय कर बसविला होता. या कायद्यांत पोटगी व चाकरी यांमधील भिंत पाडलेली दिसते. जें काम तेंच साहाय्य.

परंतु कामाचे दिवस संपल्यावर पावसाळ्याच्या तोंडीं, जुनें धान्य सरलें व नवें आलें नाहीं अशा काळांत, आदिवासी कुटुंबानें काय खावें? त्यासाठीं खावटी कर्जाची योजना निघाली. महामारीच्या काळांत, सन २०२० त, तिला अनुदानाचें रूप देऊन प्रत्येक पात्र कुटुंबास ४,००० रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपानें, देण्याचें ठरलें. नांवें बदललीं, पण पिकापूर्वींची पोटाची तजवीज, उभें राहण्यास बळ, व उत्पन्न वाढूं लागल्यावर हळूहळू आंखडणारा हात, हे तीन मुद्दे धरणगांवच्या व कन्नडच्या दप्तरांत होते तेच आहेत.

(६) संग्राहकांस विनंती

म्हणूनच त्या क्षुल्लक कागदांचें मोल. सनदेवरून राजानें काय दिलें तें कळतें. कौलावरून व तगाईच्या कतब्यावरून घेणाऱ्याचें पुढें काय झालें तें कळतें. तगाई किती हप्त्यांत फिटली? इस्ताव्याच्या शेवटच्या वर्षीं कूळ त्याच जमिनीवर होतें कीं परागंदा झालें होतें? बैल मेल्यास दुसरी तगाई मिळाली काय? सरकारी वृत्तांतांत याचें उत्तर 'भिल्ल स्थिरस्थावर झाले' या एका वाक्यांत मिळतें. कागदांत तें एकेका घराचें मिळूं शकतें.

तरी खानदेशांतील रुमाल हाताळणाऱ्यांनीं पुढील गोष्टी कराव्या. एक, कतबा, कौल व नेमणुकेची याद यांची सुटी विभागणी करूं नये. ज्या क्रमानें ते रुमालांत बांधलेले असतील तोच क्रम टिपून ठेवावा, कारण एका कुळाचे तीन कागद एकत्र राहिले तरच त्यांपासून अर्थ निघतो. दोन, मुदतीचा आंकडा व हप्त्यांची नोंद पाठीमागील शेऱ्यांसह उतरून घ्यावी. मोडींतील हे शेरे घाईचे असल्यामुळें बहुधा वाचावयाचे राहून जातात. तीन, महसुली कागदांत फसली सन असल्यास त्यांत ५९० मिळवून इसवी सन काढावा, व वर्षाचा आरंभ मृगापासून धरावा. फसली १२३५ म्हणजे जून १८२५ पासूनचें साल, म्हणजे एजन्सीचें पहिलेंच वर्ष होय. चार, कागदावर जातीचा किंवा धंद्याचा जो शब्द असेल तो जसाच्या तसा घ्यावा. कालचा जागल्या कोणत्या सालीं 'चोर' झाला व कोणत्या सालीं 'कूळ' झाला, हें त्या शब्दावरूनच कळणार आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आयुष्याचे अखेरचे दिवस धुळ्यास काढले व सन १९२६ च्या शेवटच्या दिवशीं तेथेंच देह ठेवला. कागद लहान म्हणून टाकूं नये, ही शिस्त त्यांच्या पिढीनें महाराष्ट्रास लावली. राजघराण्यांच्या बाबतींत ती आपण पाळली. आतां ती नांगर धरणाराच्या कागदांसही लावावी, इतकेंच मागणें आहे. इत्यलम्.